खंडित विमा आणि न्याय्य दर

धार व देवास येथील आपल्या सभासदांची मोटारीने इंदूरला ये-जा नित्याची आहे. म्हणून विम्यात खंड पडल्यास दराचे काय होते, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

तृतीय पक्षाचा विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये सक्तीचा आहे. त्याचा मूळ दर केंद्र सरकार ठरविते. खंडामुळे तो वाढत नाही. फरक पडतो तो स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीच्या विम्यात. लागोपाठ ५ वर्षे दावा न केल्यास त्यावर ५० टक्के ‘नो क्लेम बोनस’ मिळतो. ८,००० रुपयांचा हप्ता ४,००० वर येतो. मुदत संपून ९० दिवस उलटले की ही सूट संपूर्ण लोपते.

खंडानंतर कंपनीने मोटार तपासावी, हे रास्तच. जुने नुकसान नव्या विम्याच्या माथी येऊ नये. परंतु मोटार विकणाऱ्यास हीच सूट ३ वर्षे राखून ठेवता येते आणि आजारपणामुळे मोटार दारी उभी ठेवणारा मात्र ती ९० दिवसांत गमावतो. हा भेद आम्हांस न्याय्य वाटत नाही. सूट ही सावधपणाची कमाई आहे. तारीख चुकणे म्हणजे अपघात करणे नव्हे.

नियम पालटेपर्यंत, उधारीच्या तारखांप्रमाणेच विम्याची मुदतही वहीत टिपून ठेवावी, ही विनंती.