गाठ दिसते तशी नसते तेव्हा

प्रश्न : एका लहान मुलाच्या पोटात कर्करोगाची म्हणून शंका घेतलेली गाठ शेवटी बुरशीची निघाली, असं ऐकलं. बुरशी म्हटलं की आम्हाला नायटा आठवतो, नाहीतर शिळ्या पावावरचा हिरवा थर. तिची गाठ कशी होईल? आणि स्कॅनमध्ये हे कळत नाही?

उत्तर : गाठ होते, आणि स्कॅनमध्ये बहुतेक वेळा कळत नाही. तुम्ही ऐकलेली बुरशी नेमकी कोणती हे सांगता येणार नाही, पण अशी फसगत करण्यात ‘बॅसिडिओबोलस रॅनारम’ पटाईत आहे. रॅनारम म्हणजे बेडकांची. आयडाम या शास्त्रज्ञाने 1886 मध्ये तिचं वर्णन केलं. बेडूक, सरडे, पाली यांच्या आतड्यात आणि विष्ठेत ती सुखाने राहते, तिथून मातीत आणि कुजलेल्या पाल्यात उतरते. (म्हणून लगेच घरातल्या पालींमागे झाडू घेऊन धावू नका. पाली घरोघरी असतात, हा आजार मात्र दुर्मीळ आहे. तो माणसाकडून माणसाला होतही नाही.)

ही बुरशी त्वचेखाली शिरली की मुलाच्या मांडीवर किंवा नितंबावर टणक, न दुखणारी सूज येते. तिच्या कडेखाली बोट घालून ती उचलता येते. बुरशी पोटात गेली तर आतड्याची भिंत जाड होते. ताप, पोटदुखी, वजनात घट आणि हाताला लागणारा गोळा, ही लिंफोमा या कर्करोगाचीच लक्षणं. सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातून आणि इराणमधून असे बरेच रुग्ण नोंदले गेले आहेत. आपल्याकडे पोटाच्या क्षयाचाही संशय येतो.

गंमत अशी, की त्या गाठीत बुरशी थोडीच असते. बाकीचा ऐवज शरीराचाच : तिला कोंडायला धावलेल्या पेशी आणि जून झालेली सूज. स्कॅनला दिसतो तो हा ऐवज.

पहिला सुगावा अनेकदा साध्या रक्ततपासणीत लागतो. इओसिनोफिल या पेशी खूप वाढलेल्या असतात. पण जंतांनीही त्या वाढतात, त्यामुळे खरा निवाडा गाठीचा तुकडा तपासूनच होतो. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे रुंद धागे आणि त्यांच्याभोवती गुलाबी वेष्टण दिसतं. तुकड्याचा काही भाग कल्चरलाही, म्हणजे बुरशी वाढवून पाहायलाही, पाठवावा लागतो, आणि तो फॉर्मालिनमध्ये बुडवला की बुरशी वाढतच नाही. बुरशीची शंका आधीच बोलून दाखवलेली असली, तर ही चूक टळते.

पोटातल्या आजारावर इट्राकोनाझोल किंवा व्होरिकोनाझोल कित्येक महिने द्यावं लागतं, कधी शस्त्रक्रियाही लागते. त्वचेखालच्या गाठीवर मात्र पोटॅशियम आयोडाइडचं जुनं, स्वस्त औषध आजही चालतं.