जिन्याखालची जावा

पुण्याच्या शुक्रवार पेठेत महात्मा फुले मंडईची दगडी इमारत उभी आहे. १८८६ साली ती खुली झाली, तेव्हा मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला 'रे मार्केट' म्हणत. नगरपालिकेचे सभासद असताना ज्या जोतीराव फुल्यांनी मंडईवरील या खर्चाला विरोध केला व तो पैसा शिक्षणाकडे वळवावा असा आग्रह धरला, त्यांचेच नाव पुढे या वास्तूला मिळाले. तिचा अष्टकोनी मनोरा आजही दुरून ओळखू येतो. २०२४ साली तिच्या पायथ्याशी भुयारी रेल्वेचे स्थानक झाले, तरी वर भाजीचे वाटे लागतच आहेत.

मंडईभोवतीच्या जुन्या वाड्यांत मात्र सामसूम वाढत चालली आहे. एकेक वाडा पाडला जातो आणि तेथे उंच इमारत उठते. वाडा रिकामा करण्याची वेळ आली, की जिन्याखालच्या काळोखातून कोणकोणत्या वस्तू बाहेर येतात! पाटे-वरवंटे, पितळी बंब, सायकलीची चाके; आणि कधी कधी गोणपाटाखाली झाकलेली, धुळीने राखाडी झालेली एखादी मोटारसायकल. ती पुष्कळदा 'जावा' असते.

या नावाचा जावा बेटाशी काही संबंध नाही. १९२९ साली चेकोस्लोव्हाकियात यानेचेक नावाच्या कारखानदाराने वांडरर या जर्मन कंपनीची मोटारसायकल बनविण्याचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून गाडीला नाव दिले. त्या देशात तिला 'यावा' म्हणतात. आपल्याकडे अक्षरे वाचली तशी ती 'जावा' झाली. भारतात रुस्तम इराणी यांनी म्हैसूर येथे आयडियल जावा हा कारखाना काढला व १९६१ पासून तेथे या गाड्या तयार होऊ लागल्या. १९७३ पासून त्याच कारखान्यातील गाडी 'येझदी' या नावाने विकली जाऊ लागली. १९९६ साली कारखाना बंद पडला.

आता मंडईजवळचा असाच एक वाडा डोळ्यांसमोर आणू. तेथे राहणाऱ्या आजोबांचा मंडईत गाळा होता. १९६४ साली त्यांनी घेतलेली जावा पंचवीस वर्षे रोज पहाटे मंडईत गेली आणि नंतर एका पावसाळ्यात जिन्याखाली उभी राहिली, ती तेथेच राहिली. वाडा रिकामा करावयाला दोन महिने उरले आहेत. भंगारवाला येऊन गाडीकडे एक नजर टाकतो व किलोवर भाव सांगून जातो. आजोबा काही बोलत नाहीत. त्यांची बारा वर्षांची नात मात्र कोपऱ्यावरच्या वृद्ध मिस्त्रींना बोलावून आणते.

"मिस्त्रीकाका, किक मारून बघू या का? लागली तर लागली!"

"थांब बाळ," मिस्त्री म्हणतात, "तीस वर्षे झोपलेल्याला कुणी लाथ मारून उठवते का?"

मिस्त्रींनी नातीला थांबविले, याला कारण होते. मोटारसायकलच्या इंजिनात लोखंडी नळकांडे असते. त्यालाच सिलिंडर म्हणतात. त्याच्या आत ॲल्युमिनियमचा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरखाली होत असतो. दट्ट्याच्या अंगावर लोखंडी कड्या बसविलेल्या असतात. त्या सिलिंडरच्या भिंतीला घट्ट टेकून वायूला निसटू देत नाहीत. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली, की हवेतील दमटपणाने या कड्या व भिंत एकमेकींना गंजाने चिकटतात. अशा वेळी किकवर सारे वजन टाकले, तर कडी तुटते, दट्ट्यावर ओरखडे उठतात, नाहीतर किकचे दाते झडतात. एका क्षणाच्या उतावळेपणाने दुरुस्तीचा खर्च दुप्पट होऊन बसतो.

म्हणून मिस्त्रींनी किकला हातही लावला नाही. त्यांनी सिलिंडरच्या डोक्यावरचा प्लग काढला, त्या भोकातून रॉकेल आणि तेल यांचे मिश्रण आत ओतले आणि भोकावर फडके ठेवून ते घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले, पुन्हा थोडे तेल ओतले, पुन्हा गेले. नातीला हे काम फारच नीरस वाटले. पण तेल केसाएवढ्या फटीतून गंजात झिरपते ते आपल्या गतीने. त्याला कोणी घाई करू शकत नाही.

चौथ्या दिवशी मिस्त्रींनी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली आणि मागचे चाक दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे, पुढे-मागे हलकेच झुलविले. शेवटच्या गिअरमध्ये चाकाचा जोर इंजिनावर सर्वांत अधिक पडतो व तरीही हाताला आतला विरोध कळत राहतो. क्लचच्या चकत्या इतक्या वर्षांत एकमेकींना चिकटल्या होत्या. एरवी हा दोषच. पण येथे चाकाचा जोर न घसरता थेट इंजिनापर्यंत पोहोचला. त्या दिवशी काही झाले नाही. पाचव्या, सहाव्या दिवशीही नाही. सातव्या दिवशी दट्ट्या न हललाच, तर तो ठोकून काढावा लागेल व तसे करताना सिलिंडर फुटण्याचा धोका आहे, असे मिस्त्रींनी आजोबांना स्पष्ट सांगितले. आजोबांनी मान हलविली आणि ते आत निघून गेले.

नवव्या दिवशी चाक बोटभर फिरले. आतून बारीक कुरकुर ऐकू आली. मग दोन बोटे, मग वीतभर.

इंजिन उघडल्यावर भिंतीवर कड्यांच्या जागी गंजाचे खड्डे दिसले. असा सिलिंडर कातारी यंत्रावर आतून किंचित मोठा करून घेतात व त्यात तेवढाच मोठा नवा दट्ट्या बसवितात. गॅरेजमध्ये याला रिबोअर म्हणतात. या जावाच्या सिलिंडरचा मूळ व्यास ६५ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. वाढवावयाचे ते मिलिमीटरचा एक अंश. एवढ्या बारकाव्याचे काम करणारे कारागीर आता कमी झाले आहेत, परंतु पुण्यात ते अजून सापडतात.

याहून फसवा दोष रबराच्या सीलमध्ये असतो. ही जावा दोन फटक्यांच्या इंजिनाची, म्हणजे टू-स्ट्रोक, गाडी आहे. तिच्यात पेट्रोल व हवा यांचे मिश्रण प्रथम दट्ट्याखालच्या बंद पेटीत ओढले जाते. दट्ट्या खाली येताना ते दाबून वरच्या बाजूला ढकलतो आणि तेथे ठिणगी पडून ते पेटते. ही पेटी हवाबंद असली, तरच हे साधते. पेटीच्या दोन्ही बाजूंना जी रबरी कडी असते, ती जुनी झाली की भेंडीच्या वाळल्या शेंगेसारखी ताठ होते. मग बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ पडते व इंजिन वाजवीपेक्षा अधिक तापते. गाडी सुरू होते, चार फेऱ्या मारते आणि नवा दट्ट्या पुन्हा जाम होतो. दिसायला चांगली दिसली तरी सील बदललीच पाहिजे, असा मिस्त्रींचा दंडक आहे व तो योग्यच आहे.

पेट्रोलची टाकी उघडली तेव्हा लाकडी सामानाच्या रोगणासारखा उग्र वास सुटला. पेट्रोल फार दिवस साठले, की त्यातील हलका भाग उडून जातो व खाली डिंकासारखा चिकट गाळ उरतो. शिवाय टाकीच्या आत गंज होता. येथे मंडई उपयोगी पडली. चिंचेने पितळेचे भांडे लखलखते, हे प्रत्येक घरी ठाऊक असते. आंबट पदार्थातील आम्ल धातूवरील मळ विरघळविते. लोखंडाच्या गंजालाही तोच उपाय लागू पडतो. नातीने वाण्याकडून लिंबाचे सत्त्व आणले, ते कोमट पाण्यात कालवून टाकीत भरले व एक दिवस तसेच ठेवले. ओतले तेव्हा काळेकुट्ट पाणी निघाले. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टाकी धुतली, कारण उरलेले आम्ल मारले नाही तर ते चांगले लोखंडही खाते. धुतल्यावर टाकी लगेच वाळवून आतून तेलाचा हात फिरविला. ओल्या लोखंडावर नवा गंज चढावयाला फार वेळ लागत नाही.

हवा व पेट्रोल यांचे प्रमाण राखणाऱ्या कार्बुरेटरमध्ये पितळेचा जेट असतो. त्याचे छिद्र सुईच्या टोकाएवढे. ते तारेने कोरण्याचा मोह कोणालाही होईल. पण छिद्र रेसभर मोठे झाले तरी प्रमाण बिघडते. जेट भिजवावा व हवेच्या झोताने फुंकून साफ करावा. ठिणगीसाठी सहा व्होल्टची नवी बॅटरी घेतली. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटांवर काळपट थर साचला होता; तो घासून त्यांच्यातील अंतर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी ठेवले. तारा उंदरांनी कुरतडल्या होत्या. जावाला दोन सायलेन्सर असतात; त्यांतील उजव्यात उंदराचे घरटे निघाले, आणि ते आंब्याच्या पेटीतल्या पेंढ्याचे होते. हे पाहून आजोबा पहिल्यांदा मोठ्याने हसले.

सुटे भाग मिळविण्याची कथा निराळीच. २०१८ साली जावा हे नाव घेऊन नव्या गाड्या पुन्हा बाजारात आल्या, परंतु त्यांचे इंजिन चार फटक्यांचे आहे. त्यांचा भाग जुन्या गाडीला बसत नाही. येझदीचे मात्र कित्येक भाग बसतात. त्यासाठी नाना पेठेतील सुट्या भागांची दुकाने पालथी घालावयाची, स्क्रू व वायसर बोहरी आळीत शोधावयाचे, आणि तेथेही न मिळाले तर बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार गाठावयाचा. तेथे जमिनीवर मांडलेल्या लोखंडाच्या ढिगात हवी ती वस्तू ओळखण्यासाठी नमुना खिशात असावा लागतो. ब्रेकचे लाइनर आणि नवे टायर मिस्त्रींनी सर्वांत आधी आणविले. जुन्या टायरवर नक्षी शाबूत होती, पण रबर भेगाळले होते. असा टायर रस्त्यावर फुटतो. गाडी धावण्याआधी तिला थांबता आले पाहिजे.

टाकी रंगवावी की नाही, यावर घरात वाद झाला. नातीला ती आरशासारखी चकचकीत हवी होती. आजींनी टाकीच्या डाव्या बाजूचा रंग उडालेला पट्टा दाखविला. पंचवीस वर्षे आजोबांचा गुडघा तेथे घासत होता. पट्टा राहिला.

वाडा रिकामा करावयाला अकरा दिवस उरले असताना गाडी अंगणात आणली. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमधूनच तेल मिळते. म्हणून पंचवीस भाग पेट्रोलात एक भाग तेल मिसळून टाकीत घातले. मिस्त्रींनी कार्बुरेटरवरची खुंटी दाबून पेट्रोल चढविले. जावाची किक व गिअरची दांडी एकच असते. ती आत दाबून वर फिरविली की किक होते. पहिल्या दोन किका कोरड्या गेल्या. तिसऱ्या किकेला एक ढेकर आला. मिस्त्रींनी प्लग काढून पुसला, पुन्हा लावला. पाचव्या किकेला निळसर पांढऱ्या धुराने अंगण भरून गेले आणि त्या धुरातून जावाचा ठसठशीत, तुटक आवाज येऊ लागला. शेजारचे लोक गॅलरीत आले. आजोबांनी कोणाला न विचारता हात पुढे करून मूठ किंचित सोडली; आवाज बसका व एकसारखा झाला.

आता प्रश्न उरला कागदांचा. २०२१ साली केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातील गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. तिचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, आणि गाडीच्या क्रमांकात 'व्ही ए' ही अक्षरे असतात. मान मोठा, परंतु अशी गाडी प्रदर्शनास, फेरीस किंवा दुरुस्तीस न्यावी, रोजच्या वापरासाठी नव्हे. दुसरा मार्ग साधा : परिवहन कार्यालयात तपासणी करून घ्यावयाची, थकलेले शुल्क भरावयाचे व पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढवीत जावयाचे.

नातीच्या वडिलांना पहिला मार्ग पसंत होता. आजोबा बराच वेळ दोन्ही अर्ज चाळीत राहिले. "पहाटे मंडईत गेली नाही, तर तिला सुरू केली कशाला?" एवढेच ते म्हणाले. साध्या अर्जावर सही झाली. तपासणीला जाण्यापूर्वी मागचा दिवा, हॉर्न आणि उजवा आरसा बसवावयाचा होता. आरसा नाना पेठेत मिळाला नाही. म्हणून रविवारी सकाळी नात आणि मिस्त्री जुन्या बाजारात गेले.