नकाशा वाचू या, वस्ती समजून घेऊ या

भूगोलाच्या प्रश्नपत्रिकेतील नकाशाचा प्रश्न पुष्कळजण शेवटी ठेवतात. कला शाखेत असताना आम्हीही तेच केले. पुढे बँकेच्या नोकरीत गावोगावच्या खातेदारांशी संबंध आला, तेव्हा उमगले की नकाशा पाठ करायचा नसतो, वाचायचा असतो.

मानवी भूगोल म्हणजे काय?

माणूस कोठे राहतो, तेथेच का राहतो आणि परिसराशी त्याचे नाते कसे आहे, याचा अभ्यास म्हणजे मानवी भूगोल. यात दोन विचार प्रमुख आहेत. निसर्गच मानवी जीवन घडवितो, हा निसर्गवाद. जर्मन भूगोलतज्ज्ञ रॅट्झेल यांचे नाव त्याच्याशी जोडले जाते. निसर्ग फक्त शक्यता देतो, निवड माणूस करतो, हा संभववाद. तो फ्रान्सचे विदाल द ला ब्लाश यांनी पुढे आणला.

एकूण लोकसंख्येस क्षेत्रफळाने भागले की लोकसंख्येची घनता मिळते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दर चौरस किलोमीटरला ३६५ माणसे होती. गडचिरोली जिल्ह्यात ७४, तर मुंबई उपनगर जिल्ह्यात सुमारे २१ हजार! एका सरासरीमागे एवढी तफावत दडलेली असते.

नकाशा कसा वाचावा?

शीर्षक, दिशा, सूची व प्रमाण या चार गोष्टी प्रथम पाहाव्यात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशात निळा रंग पाणी, हिरवा वने, पिवळा शेती, तर लाल रंग वस्ती व रस्ते दाखवितो. तपकिरी समोच्च रेषा जवळजवळ असतील तर चढ तीव्र, दूरदूर असतील तर उतार मंद.

प्रमाण १:५०,००० असेल तर नकाशातील १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील अर्धा किलोमीटर. वळणाच्या रस्त्यावर दोरा ठेवावा, मग तो सरळ करून पट्टीने मोजावा.

वस्ती आणि अंतर

वस्त्या तीन प्रकारच्या दिसतात. पाण्याजवळ दाटीने वसलेली ती केंद्रित, रस्त्याच्या किंवा खाडीच्या कडेने लांबलेली ती रेषाकृती आणि डोंगराळ भागात दूरदूर पसरलेली ती विखुरलेली. येथवर निसर्गाचे कारण पुरते. पुढे पुरत नाही.

जिल्ह्याच्या नकाशात आपले मूळ गाव म्हणजे एक ठिपका. गावठाण आणि गावकुसाबाहेरची आपली वस्ती त्या एकाच ठिपक्यात मावतात. मोठ्या प्रमाणाचा गावनकाशा उघडला की त्या दोहोंमधील अंतर दिसू लागते. ते अंतर नदीने पाडलेले नाही की डोंगराने नाही. चवदार तळ्यात निसर्गाने सर्वांसाठीच पाणी दिले होते, मज्जाव माणसाने केला होता. म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या त्या तळ्याचे पाणी प्राशन करून हक्क प्रस्थापित करावा लागला.

वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. तो स्वागतार्हच आहे. परंतु नाव बदलले तरी नळापासूनचे, शाळेपासूनचे अंतर आपोआप कमी होत नाही. ते मोजून दाखवावे लागते.

स्वाध्याय

सुट्टीत गावी गेल्यावर एका कागदावर गावाचा आराखडा काढा. उत्तर दिशा, प्रमाण व सूची अवश्य द्या. पाणवठा, शाळा, दवाखाना, एस. टी. थांबा आणि प्रत्येक वस्ती दाखवा. प्रत्येक वस्तीपासूनची अंतरे पावलांनी मोजून लिहा. शेवटी प्रत्येक अंतरापुढे एक शब्द लिहा: ‘निसर्ग’ किंवा ‘माणूस’.

ज्या अंतरापुढे ‘माणूस’ लिहावे लागेल, ते माणसाला मिटवताही येते. ग्रामसभेत अर्ज देताना असा नकाशा सोबत जोडावा, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. नुसत्या तक्रारीपेक्षा मोजलेले अंतर अधिक बोलते.