कासवासाठी रात्रीची ऊब

कासवाच्या शरीराचे तापमान बाहेरच्या उष्णतेवर अवलंबून असते. त्यामुळे ब्रिटनसारख्या थंड देशात घरातील पेटीत कासव पाळणाऱ्यांपुढे रात्रीच्या उबेचा प्रश्न उभा राहतो.

उपकरण निवडण्यापूर्वी कासवाची जात पाहावी. भूमध्य सागराकाठच्या निरोगी, प्रौढ हर्मन कासवाला रात्री सुमारे १५ अंश सेल्सिअस तापमान मानवते. खोली तेवढी उबदार असल्यास उपकरणाची गरजच नसते. दक्षिण अमेरिकेतील लाल पायांच्या कासवाला मात्र साधारण २१ अंशांखालील तापमान सोसत नाही. थंडी व ओलावा एकत्र आल्यास त्याला श्वसनाचे विकार जडू शकतात.

ऊब हवीच असेल, तर ती प्रकाशाविना द्यावी. लाल दिव्याचा उजेडही कासवाला दिसतो व त्याची झोप मोडते. तळाशी अंथरलेल्या हीट मॅटमुळे मातीत शिरलेले कासव भाजू शकते. म्हणून वरून टांगलेला सिरॅमिक हीटर श्रेयस्कर. तो अतिशय तापत असल्याने चिनी मातीचा होल्डर, संरक्षक जाळी आणि थर्मोस्टॅट ही त्रयी अनिवार्य होय. तापमान कासवाच्या पाठीच्या उंचीवर मोजावे.

भारतात मात्र येथील तारांकित कासव घरी पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये गुन्हा आहे, याचे भान प्राणिप्रेमींनी ठेवावे.