लेखकांचे माहेरघर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आयोवा नावाचे एक राज्य आहे. तेथे उंच पर्वत नाहीत, समुद्र नाही. दृष्टी पोहोचेल तिथवर मक्याची शेते पसरलेली दिसतात. या राज्यातील आयोवा सिटी हे लहानसे शहर मात्र जगभरच्या लेखकांना ठाऊक आहे. २००८ साली युनेस्कोने त्याला ‘साहित्यनगरी’ हा मान दिला. शेतकऱ्यांच्या मुलखातील या गावाला असा मान कसा मिळाला, ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

गवई गुरूसमोर बसून गातो, चित्रकार गुरूच्या देखरेखीखाली हात बसवतो. मग लेखकानेच एकट्याने का चाचपडावे? आयोवा विद्यापीठाने हा विचार फार पूर्वी केला. १९२२ साली तेथे कथा-कवितांनाही पदवीच्या प्रबंधाचा दर्जा मिळाला आणि १९३६ साली लेखकांची कार्यशाळा सुरू झाली. घोड्यांचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थांचे पुत्र, कवी पॉल एंगल, यांनी ती अनेक वर्षे चालवली.

१९६४ साली ह्वालिंग न्ये नावाच्या लेखिका तेथे आल्या. त्यांचा जन्म १९२५ साली चीनमध्ये झाला. १९३६ साली, त्या साधारण तुमच्याच वयाच्या असताना, यादवी युद्धात कम्युनिस्ट सैन्याने त्यांच्या वडिलांना ठार केले. १९४९ साली त्या तैवानला गेल्या आणि एका निर्भीड नियतकालिकात काम करू लागल्या. १९६० साली तेथील सरकारने ते बंद पाडले व त्याच्या प्रमुखांना तुरुंगात धाडले. सत्तेचा जाच म्हणजे काय, हे न्ये यांनी असे दोन्हीकडे अनुभवले होते.

केवळ अमेरिकेतील नव्हे, तर साऱ्या जगातील लेखकांना येथे का बोलावू नये, असे त्यांनी एंगल यांना सुचवले. १९६७ साली ही कल्पना प्रत्यक्षात आली. निरनिराळ्या देशांतील लेखकांनी शरद ऋतूत काही आठवडे येथे राहावे, निवांतपणे लिहावे आणि गावकऱ्यांत मिसळावे, अशी रीत पडली. या पाहुण्यांना परीक्षा नव्हती. सार्वजनिक ग्रंथालयात ते एखाद्या विषयावर आपले विचार मांडत आणि श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत. पुस्तकांच्या दुकानात ते आपले लेखन वाचून दाखवत. श्रोत्यांत प्राध्यापक असत, विद्यार्थी असत आणि साधे नागरिकही असत.

१९७९ सालची गोष्ट. चीन आणि तैवान यांच्यातील वैरामुळे तीस वर्षे दोन्हीकडच्या लेखकांची गाठभेट दुर्मीळ झाली होती. न्ये यांनी त्या साऱ्यांना आयोवाला बोलावले. ज्या पक्षाच्या सैन्याने पित्याचा जीव घेतला, त्याच्या राज्यातून आलेल्या वृद्ध लेखकाचेही त्यांनी आदराने स्वागत केले. एकच भाषा बोलणारी, पण दुरावलेली माणसे समोरासमोर बसली आणि बोलू लागली. दोन राज्यांचे भांडण त्यामुळे मिटले नाही. परंतु ज्याला आपण शत्रू समजत होतो, तोही आपल्यासारखाच माणूस आहे, हे प्रत्यक्ष पाहता आले.

आजवर दीडशेहून अधिक देशांतील लेखक येथे येऊन गेले. आपले मराठी कवी दिलीप चित्रे १९७५ साली तेथे गेले होते. तुर्कस्तानचे ओरहान पामुक १९८५ साली आणि कोरियाच्या हान कांग १९९८ साली तेथे राहिल्या होत्या. पुढे दोघांनाही नोबेल पारितोषिक मिळाले.

अशा कार्याला द्रव्यबळ लागते. २०२५ साली अमेरिकन सरकारने आपले साहाय्य काढून घेतले, तेव्हा तरुणांसाठी चालणारा एक उपक्रम बंद करावा लागला. न्ये यांचे २०२४ सालीच निधन झाले होते. त्यांचे काम पुढे नेणे आता इतरांच्या हाती आहे.

मुलांनो, पुस्तक वाचताना लेखक आपल्याशी बोलतो. पण आपल्याला त्याला प्रश्न विचारता येत नाही. लेखक गावात येतो, तेव्हा ही उणीव भरून निघते. तुमच्याही गावी एखादा लेखक आला, तर त्याला ऐकायला अवश्य जा, आणि मनात आलेला प्रश्न नम्रपणे, पण न भिता विचारा.

स्वाध्याय
१. न्ये यांनी सत्तेचा जाच दोन्हीकडे कसा अनुभवला?
२. १९७९ सालच्या भेटीतून काय साधले व काय साधले नाही?
३. तुमच्या शाळेत लेखक आल्यास त्यांना कोणते तीन प्रश्न विचाराल?