संगणकीय नोंदी : फाइल की डेटाबेस?

संगणकीय आज्ञावली चालू असताना कोणी प्रवेश केला, कोणती विनंती आली, कोठे बिघाड झाला, याची वेळेसह नोंद होत असते. या नोंदीस ‘लॉग’ म्हणतात. ती साध्या फाइलमध्ये ठेवावी की डेटाबेसमध्ये, याचा विचार आज्ञावली तयार करतानाच व्हावयास हवा. अन्यथा ऐन बिघाडाच्या वेळी नोंद हाती लागत नाही.

हिशेब ठेवणाऱ्यांना रोजकीर्द व खतावणी यांतील भेद परिचित आहे. फाइल ही रोजकीर्दीसारखी असते. घडेल तसे क्रमाने लिहीत जावयाचे. हे काम जलद होते व अन्य यंत्रणेवर विसंबावे लागत नाही. मात्र एकाच अर्जदाराच्या नोंदी अनेक फाइलींतून वेचणे कष्टाचे असते. शिवाय डिस्क भरू नये म्हणून जुन्या फाइली वेळोवेळी वेगळ्या काढाव्या लागतात. डेटाबेस हा खतावणीसारखा आहे. व्यक्ती, दिनांक वा प्रकार यांनुसार त्यात त्वरित शोध घेता येतो. परंतु प्रत्येक नोंदीचा भार मूळ कामाच्या डेटाबेसवर पडू शकतो.

येथे दोन धोके संभवतात. डेटाबेसच बंद पडल्यास त्याच्या बिघाडाची नोंद त्यातच कशी होणार? दुसरे असे की, नोंद व मूळ काम एकाच व्यवहारात गुंफलेले असल्यास, व्यवहार रद्द होताच अपयशाची नोंदही पुसली जाते.

हाच गुणधर्म लेखापरीक्षणासाठी मात्र उपकारक ठरतो. हिशेबातील बदल आणि त्याची नोंद एकत्रच कायम व्हावयास हवीत. कंपन्यांच्या हिशेबाच्या आज्ञावलीत प्रत्येक बदलाची दिनांकासह नोंद राखणे १ एप्रिल २०२३ पासून अनिवार्य झाले आहे. अशा नोंदींचे योग्य स्थान डेटाबेस हेच होय.

तेव्हा बिघाडाच्या व दैनंदिन कामाच्या नोंदी प्रथम फाइलमध्ये लिहाव्यात आणि शोधासाठी आवश्यक तेवढ्या नंतर स्वतंत्र डेटाबेसमध्ये उतरवाव्यात, हा मार्ग श्रेयस्कर होय. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार शासकीय संस्थांसह संबंधितांनी अशा नोंदी १८० दिवस सुरक्षित ठेवावयाच्या आहेत. जागेचा अंदाज त्यानुसार बांधावा. पासवर्ड व आधार क्रमांक मात्र कोणत्याही लॉगमध्ये लिहू नयेत. नागरिकाच्या तक्रारीचे निराकरण करताना नोंद हाच पुरावा असतो. तोच त्याच्या हानीस कारण होऊ नये.