सूर्यप्रकाश, माता आणि मूल

(बी. ए. द्वितीय वर्ष, गृहविज्ञान)

आपला मराठवाडा हा उन्हाचा प्रदेश. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ या आपल्या पाचही तालुक्यांत पावसाळा सोडला तर आभाळ बहुधा मोकळेच असते आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा जिल्ह्यात उन्हापासून मिळणाऱ्या ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव असू शकते, असे कोणी म्हटले तर ऐकणारा हसेल. परंतु ऊन अंगणात असणे वेगळे आणि ते कातडीवर पडणे वेगळे. गर्भवती, बाळंतीण व तान्हे मूल यांच्या बाबतीत हे अंतर फार मोठे असते, हेच या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम या जीवनसत्त्वाचे कार्य पाहू. आपण खातो त्या अन्नातील कॅल्शियम आतड्यातून रक्तात शोषले जावे लागते आणि तेथून ते हाडांत जाते. हे शोषण नीट होण्यासाठी ‘ड’ जीवनसत्त्व लागते. ते कमी पडले तर वाढत्या मुलाची हाडे मऊ राहतात. टाळू लवकर भरत नाही, दात उशिरा येतात, मनगटे जाड दिसतात आणि मूल चालू लागले की पाय धनुष्यासारखे वाकतात. यालाच मुडदूस म्हणतात. रक्तातील कॅल्शियम फार उतरले तर तान्ह्या बाळाला झटकेही येतात. अशा वेळी अंगारा-धुपारा करीत बसणे घातक ठरते; बाळाला तत्काळ दवाखान्यात नेले पाहिजे.

हा रोग उन्हाच्या अभावी होतो, हे जगाला उशिरा उमगले. 1919 साली बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की या डॉक्टरांनी मुडदुसाच्या मुलांवर पाऱ्याच्या दिव्याचे अतिनील किरण सोडले आणि त्यांची हाडे भरू लागली. एका हातावर किरण सोडले तरी दुसऱ्या हाताचे हाडही सुधारले. म्हणजे कातडीत तयार झालेले काहीतरी रक्तातून सर्वांगाला पोहोचत होते. पुढे या संशोधनाच्या ओघात जर्मन शास्त्रज्ञ विंडाउस यांना 1928 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण आपल्या दृष्टीने अधिक मोलाचे काम आपल्याच महाराष्ट्रात झाले आहे. हचिसन आणि शहा या डॉक्टरांनी नाशिक येथे मुडदुसाची पाहणी करून 1922 साली ती प्रसिद्ध केली. गरीब कष्टकऱ्यांच्या मुलांचा आहार निकृष्ट होता, तरी आईबरोबर दिवसभर उघड्यावर राहिल्याने त्यांच्यात मुडदूस फारसा नव्हता. उलट पडदा पाळणाऱ्या खात्यापित्या घरांत, जेथे स्त्रिया व लहान मुले आतच राहत, तेथे तो पुष्कळ आढळला. ज्या घरात बाळंतिणीची काळजी अधिक, त्याच घरात रोग अधिक, असा हा विलक्षण प्रकार होता. काश्मीरमध्ये काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनीही पडद्यातील स्त्रियांची हाडे मऊ पडून बाळंतपण कसे अवघड होते, याविषयी 1928 साली पुस्तक लिहिले.

ही गोष्ट केवळ इतिहासातली आहे काय? आपल्याकडे पडदा नसेल, पण सव्वा महिना बाळंतिणीला अंधाऱ्या खोलीत, दारे-खिडक्या लावून ठेवण्याची रीत आजही अनेक घरांत पाळली जाते. गेल्या वर्षी आमच्या घरी वहिनीचे बाळंतपण झाले. आरोग्य केंद्रातून आलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या कोनाड्यात तशाच पडून होत्या. मी विचारले तर वहिनी म्हणाली, “वन्सं, त्या खाल्ल्या की मळमळतं.” बाळाला जरा बाहेर न्यावे म्हटले तर आजी म्हणाली, “लेकराला ऊन लागंल, काळं पडंल.” आजीचे प्रेम खोटे नव्हते. घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच; पुस्तकात वाचलेले आजीला पटेल अशा शब्दांत सांगणे मला परीक्षेपेक्षा कठीण गेले. अखेर आशाताईंनी गोळ्या जेवणानंतर घ्यावयास सांगितल्या, आणि मग त्या सुरू झाल्या.

शेतात राबणारी स्त्री तरी सुरक्षित आहे, असे वाटेल. पण हळद काढताना किंवा कापूस वेचताना आपल्या आया-बहिणी साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात आणि डोक्या-तोंडाला रुमाल गुंडाळतात. उन्हाच्या चटक्यापुढे ते योग्यच आहे, पण कातडीवर ऊन थोडेच पडते. सावळ्या कातडीला हे जीवनसत्त्व तयार करण्यास वेळही अधिक लागतो.

2016 ते 2018 या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातील 1 ते 4 वर्षांच्या मुलांपैकी 14 टक्के, 5 ते 9 वर्षांच्या मुलांपैकी 18 टक्के आणि 10 ते 19 वर्षांच्या मुलामुलींपैकी 24 टक्के यांच्यात ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. या शेवटच्या गटात आपणही मोडतो. आजची विद्यार्थिनी ही उद्याची माता आहे. बाळ जन्मते तेव्हा त्याच्याजवळचा साठा आईकडूनच आलेला असतो. आईच्या दुधात हे जीवनसत्त्व फारच अल्प असते. म्हणून आईजवळच नसेल तर बाळ जन्मतःच कर्जात असते. लहानपणी मुडदूस झालेल्या मुलीचे कमरेचे हाड अरुंद राहिले तर तिचे स्वतःचे बाळंतपण अडते. अशी ही उणीव आईकडून लेकीकडे जाते.

आता उपायांकडे वळू. सकाळचे कोवळे ऊन बाळाला मानवते हे खरे, पण उपयोगी अतिनील किरण त्या तिरप्या उन्हात फार थोडे असतात. सूर्य वर आल्यावर, साधारण अकरा ते दोनच्या दरम्यान, ते अधिक मिळतात आणि काचेतून ते आत येत नाहीत. आईने व मोठ्या मुलांनी हिवाळ्यात या वेळी हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ उन्हात बसावे. मात्र तान्ह्याला आपल्याकडचे ऊन सोसत नाही. म्हणून बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षभर रोज 400 युनिट ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब देण्यास सांगतात. शासनाच्या 2014 च्या सूचनांप्रमाणे गर्भवतीने चौथ्या महिन्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत कॅल्शियमच्या दोन गोळ्या रोज घ्यावयाच्या असतात. प्रत्येक गोळीत 500 मिलिग्रॅम कॅल्शियम व 250 युनिट ‘ड’ जीवनसत्त्व असते. ही गोळी जेवणानंतर घ्यावी आणि लोहाच्या गोळीत व तिच्यात दोन तासांचे अंतर ठेवावे.

आहारातून ‘ड’ जीवनसत्त्व थोडेच मिळते. अंड्याचा पिवळा बलक आणि मासे ही त्याची प्रमुख साधने. कॅल्शियमसाठी मात्र दूध, दही, तीळ, नाचणी व शेवग्याचा पाला आपल्या आवाक्यातील आहेत. एक इशारा आवश्यक आहे. हे जीवनसत्त्व शरीरात साठते. डॉक्टरांना न विचारता मोठ्या मात्रेची औषधे किंवा इंजेक्शने घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते.

आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर खेड्यात जाते तेव्हा आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याबरोबर प्रत्येकाने निदान एका घरी जाऊन बाळंतिणीच्या खोलीची खिडकी उघडण्याविषयी आणि कोनाड्यातील गोळ्यांविषयी बोलावे. आपण शिकलो ते आपल्या आजीला आणि वहिनीला उमजेल अशा भाषेत सांगता आले, तरच त्या शिक्षणाचा उपयोग झाला असे म्हणता येईल.